वास आंब्याचा, चव कोऱ्या चहाची: फ्लेवर्ड चहाचं बिनसतं कुठे?

पर्वरीच्या एका ताईंनी विचारलंय: "मी चहाची जाणकार वगैरे नाही. दिवसातून दोनदा आलं घालून दुधाचा चहा, एवढंच. दिरांनी मस्कतहून फ्लेवर्ड काळ्या चहाचा डबा आणलाय. त्यात अर्ल ग्रे, आंबा, पीच, स्ट्रॉबेरी, व्हॅनिला, दालचिनी आणि बेरी अशा डिप बॅगा आहेत. पाकीट फोडलं की घरभर दरवळ, पण कपात कडवट कोरा चहा, बाकी काही नाही. अर्ल ग्रेला तर साबणाचा वास येतो. बेरीच्या चहात दूध घातलं तर ते फाटलं. माझं काही चुकतंय, की हा सगळा नुसता नाकाचाच खेळ आहे? दीर डिसेंबरात परत येतील, तेव्हा काय आणायला सांगू?"

ताई, थोडं तुमचं चुकतंय आणि बरंचसं त्या डब्याचं. मी नऊ वर्षं कुन्नूरला चहा चाखायच्या खोलीत काढली. आता बारा वर्षं म्हापशात चहाची मिश्रणं करून विकते. तुम्ही विचारलंत तेच माझ्या दुकानात आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतं, बहुतेक वेळा शुक्रवारी, बाजारातून परतताना. गिऱ्हाईक बरणीचं झाकण उघडून वास घेतं, डोळे मिटतं, शंभर ग्रॅम घेऊन जातं आणि पुढच्या शुक्रवारी तक्रार घेऊन येतं. म्हणून ब्रँडचं आणि किमतीचं नंतर बोलू. आधी नाकाने जे कबूल केलं ते जिभेला का मिळत नाही, तेवढं पाहू.

घरी एक गंमत करून बघा. आंब्याची बॅग घालून चहा करा, नाक चिमटीत घट्ट धरा आणि एक घोट घ्या. साधा तुरट चहा लागेल. घोट तोंडात असतानाच नाक सोडा, क्षणात आंबा येईल. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि ती सूप-मटणाच्या रश्शासारखी भरलेली चव, एवढंच कळतं. बाकी ज्याला आपण 'चव' म्हणतो तो बहुतेक वास असतो, घशाच्या मागून नाकात चढणारा. आता असं बघा, मानकुराद आंबा खाताना तुम्हाला नुसता वास मिळत नाही. भरपूर साखर मिळते, जराशी आंबट धार मिळते, गर मिळतो. चहाच्या कारखान्यात पानं मोठ्या पिंपात फिरवत त्यांच्यावर फवारतात तो फक्त वास. साखर, आंबटपणा, गर यातलं काहीच त्याबरोबर येत नाही. नाक म्हणतं आंबा आला, जीभ म्हणते कुठाय? ज्या वासाला गोडाची सवय आहे, तो बिनसाखरेच्या चहात उघडा पडतो.

एवढं पटलं तर अर्धा डबा आपोआप मार्गी लागेल. मी असा डबा फोडते तेव्हा आधी बॅगांच्या तीन राशी करते. ज्यांच्या वासाला गोडाची अपेक्षाच नाही, त्या पहिल्या राशीत: दालचिनी, अर्ल ग्रे, मोगऱ्याचा चहा, धुरावर सुकवलेला चिनी लॅपसांग सूशॉन्ग. हे कोरे, बिनसाखरेचेही जमतात. दुसऱ्या राशीत फळं, म्हणजे आंबा, पीच, स्ट्रॉबेरी. यांना साखर लागतेच, कपाला एक ते दीड चमचा, आणि बहुतेकांना लिंबाचे चार-पाच थेंबही. साखर न घेणाऱ्यांनी फळांचे चहा सोडून द्यावेत असं मी स्पष्ट सांगते, त्यात माझी विक्री बुडाली तरी. तिसरी रास दुधाची: व्हॅनिला, कॅरमेल, चॉकलेट. व्हॅनिलाचा वास आपण लहानपणापासून आइसक्रीम, केक, कस्टर्ड यांतच घेतलेला असतो. दूध आणि साखर दोन्ही असली की तो जागेवर बसतो. कोऱ्या चहात व्हॅनिला म्हणजे वऱ्हाडाशिवाय नवरदेव.

स्ट्रॉबेरीबद्दल माझं मत वाईट आहे, लपवत नाही. बाजारातल्या बहुतेक स्ट्रॉबेरी चहांना मला शाळेतल्या वासाच्या खोडरबराची आठवण येते. साखर घातली तर गोड खोडरबर लागतं. तुमचा अनुभव वेगळा असेल तर उत्तमच.

अर्ल ग्रेला साबणाचा वास आला, त्यात तुमच्या नाकाचा दोष नाही. अर्ल ग्रे म्हणजे बर्गमॉटच्या तेलाचा वास लावलेला काळा चहा. बर्गमॉट हे लिंबाच्या कुळातलं फळ. ते मुख्यतः इटलीच्या दक्षिण टोकाला, कालाब्रियात पिकतं. फळ आंबट आणि कडू, म्हणून नुसतं कुणी खात नाही. किंमत असते ती सालीतल्या तेलाला. त्या तेलात लिनॅलूल आणि लिनॅलिल ॲसिटेट नावाची दोन द्रव्यं भरपूर असतात आणि तीच लॅव्हेंडरच्या तेलातही असतात. साबण, पावडरी, अत्तरं बनवणाऱ्यांना हे वास फार आवडतात. आपल्याकडे बर्गमॉट फळ म्हणून कुणी पाहिलेलंच नसतं, त्यामुळे मेंदूत त्या वासाचा एकच पत्ता नोंदलेला असतो: न्हाणीघर. इंग्रज माणूस त्याच वासाने आजीच्या दिवाणखान्यात पोचतो. हा चहा १८३० ते १८३४ या काळात ब्रिटनचे पंतप्रधान असलेल्या दुसऱ्या अर्ल ग्रे यांच्या नावाने विकला जातो. एका चिनी अधिकाऱ्याने त्यांना तो भेट दिला ही पाकिटावरची कथा मात्र कथाच समजा.

तरी पण अर्ल ग्रे टाकून देऊ नका. साबण वाटण्याचं दुसरं कारण असतं तेलाचा अतिरेक. स्वस्त बॅगांत हलक्या चहाची भुकटी असते आणि तिचे दोष झाकायला वास हात सैल सोडून मारलेला असतो. एक अर्ल ग्रे बॅग आणि एक साधी काळ्या चहाची बॅग, दोन कप पाण्यात एकत्र टाका. वास निम्मा होतो आणि अचानक लिंबाच्या सालीसारखा वाटू लागतो. माझ्या दुकानात अर्ल ग्रे नको म्हणून परत आणणाऱ्यांपैकी बरेच जण याच उपायाने त्याला चिकटले आहेत.

आता फाटलेल्या दुधाचं. बॅगेच्या पाकिटावरची घटकांची यादी वाचा. बेरीच्या चहात बहुतेकदा 'हिबिस्कस' असतं. ते दारातलं जास्वंद नव्हे. ती तिचीच बहीण, लाल अंबाडी, बोंडांची चटणी करतात ती. चहाला लाल रंग आणि आंबटपणा तिच्यामुळे येतो. खऱ्या बेऱ्या असल्याच तर नावापुरत्या, कधी जोडीला सुकवलेल्या सफरचंदाचे तुकडे. दूध आंबट होत होत एका टप्प्याला आलं की त्यातलं प्रथिन गोळा होतं. गरम पाण्यात ते आणखी लवकर होतं. अंबाडीच्या सारात दूध घातल्यासारखंच झालं ते. म्हणून यादीत हिबिस्कस, लिंबू किंवा सायट्रिक ॲसिड दिसलं तर दुधाचं पातेलं लांब ठेवा.

करायची रीत. इथे तुमचं चुकत असावं असा माझा अंदाज आहे, कारण आल्याचा चहा करणारा हात चहा उकळतोच. आपला रोजचा चहा सीटीसी असतो, म्हणजे यंत्रात चुरडून, फाडून, वळून केलेले बारीक दाणे. दूध, साखर, आलं यांच्या वर उठून दिसेल असा रंग आणि जोर त्याने द्यायचा असतो, म्हणून उकळी सोसणं हेच त्याचं काम. वास लावलेल्या चहाचं सगळं भांडवल मात्र उडून जाणाऱ्या तेलात असतं. तो उकळलात की स्वयंपाकघर दरवळतं, शेजारीण विचारते काय करतेयस, आणि कपात उरतो कडवट काढा. दरवळ म्हणजे कपातून गेलेला माल, हे माझं दुकानातलं ठरलेलं वाक्य आहे.

तेव्हा पाणी उकळा, गॅस बंद करा, अर्ध्या मिनिटाने कपात ओता आणि मग बॅग सोडा. वर बशी झाका. ही बशी महत्त्वाची, विसरू नका. बॅगेतली भुकटी बारीक असते म्हणून अडीच-तीन मिनिटं पुरतात. सुट्या पानाला चार मिनिटं द्या. बॅग काढताना चमच्याला गुंडाळून पिळायची सवय असेल तर ती सोडा, शेवटचे तुरट थेंब त्यातच असतात. बशी उचलली की तिच्या आतल्या बाजूला साठलेले थेंब कपातच पडू द्या. दूध घालायचंच असेल, व्हॅनिलासाठी समजा, तर अर्ध्या कप पाण्यात दोन बॅगा मुरवा आणि वेगळं गरम केलेलं दूध वरून ओता. दुधातच बॅग टाकू नका. दुधातलं प्रथिन आणि स्निग्धांश वास धरून ठेवतात, चहाही नीट उतरत नाही.

चाखायच्या खोलीत आम्ही याच्या अगदी उलट वागायचो. चहा तपासायच्या आंतरराष्ट्रीय मानकात, आयएसओ ३१०३ मध्ये, १०० मिली उकळत्या पाण्याला २ ग्रॅम चहा आणि ६ मिनिटं असं प्रमाण आहे. पण ते दोष शोधण्यासाठी. तसा चहा कुणी आवडीने पीत नाही. काही गिऱ्हाइकं इंटरनेटवर हे प्रमाण वाचून येतात आणि फ्लेवर्ड चहावर वापरतात, मग तोंड वाकडं करतात.

म्हणजे इथपर्यंत: फळाला साखर, व्हॅनिलाला दूध, अंबाडीला दूध नाही, आणि उकळी कुणालाच नाही. यापुढचं मात्र तुमच्या घरावर अवलंबून आहे, आणि ते मला इथे बसून दिसत नाही.

पहिलं पाणी. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येत असेल तर आंब्याचा वास त्याच्याशी भांडतो आणि हरतो. रात्री पातेल्यात उघडं ठेवून सकाळी वापरा, वास बराच जातो. विहिरीचं असेल तर वेगळी गोष्ट. आपल्या लाल मातीतल्या काही विहिरींच्या पाण्यात लोह असतं. असं पाणी काळ्या चहाला लागलं की रंग तांबूस न येता काळपट, शाईसारखा येतो. शाईसारखा म्हणतेय ते उगाच नाही. हिरडा आणि हिराकस यांची जुनी काळी शाई याच तत्त्वाने बनायची, झाडाचा तुरटपणा आणि लोह एकत्र आले की काळं. असं पाणी असेल तर चहापुरतं फिल्टरचं घ्या. नाहीतर कितीही भारी डबा आणा, फरक पडणार नाही.

दुसरं, आणि गोव्यात सगळ्यात मोठं, दमट हवा. चहा कारखान्यातून निघतो तेव्हा त्यात जेमतेम तीनेक टक्के ओलावा असतो. उघडा राहिला की तो हवेतला ओलावा शोषतो आणि ओलाव्याबरोबर शेजारपाजारचे वासही. माझ्या एका जुन्या गिऱ्हाइकाने एका आषाढात दालचिनीचा चहा परत आणला. म्हणाले, याला मासळीचा वास येतोय. मी चाखला, खरंच येत होता. माझ्या बरणीतला त्याच खेपेचा चहा स्वच्छ होता. मग विचारत गेले तेव्हा कळलं, घरी चहाचा डबा पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेल्या जिनसांच्या फळीवर होता. एका बाजूला सुके बांगडे, दुसऱ्या बाजूला गालमो, म्हणजे सुकी बारीक कोळंबी, आणि डब्याचं झाकण सैल. चहाने आपला धर्म पाळला, जे हवेत होतं ते घेतलं. तुमच्या डब्यातल्या बॅगा एकेकट्या फॉइलमध्ये असतील तर काळजी नाही. नुसत्या कागदात असतील तर सगळ्या चवी एकमेकींत मिसळून एव्हाना प्रत्येकीला स्ट्रॉबेरी लागली असेल. आजच वेगवेगळ्या काढा, घट्ट झाकणाच्या छोट्या स्टीलच्या डब्यांत, मसाल्यांपासून आणि मासळीपासून लांब. फ्रिजमध्ये नको. थंड डबा बाहेर काढून उघडला की आत दव धरतं.

वास खरा की खोटा, असं तुम्ही सरळ विचारलं नाहीत, पण 'नाकाचा खेळ' या शब्दांत ते आलंच. भारतात विकल्या जाणाऱ्या पाकिटावर वास घातलेला असेल तर तसं छापावं लागतं. 'नॅचरल' म्हणजे बहुतेकदा वनस्पतीतून काढलेला. 'नेचर आयडेंटिकल' म्हणजे रेणू तोच, पण कारखान्यात बनवलेला. मी दोन्ही वापरलेत, आणि नेचर आयडेंटिकल म्हणजे वाईट असं मला वाटत नाही. मी बघते ते वेगळंच, खालचा चहा. बॅग एकदा वापरून झाली की त्याच बॅगेवर पुन्हा पाणी ओता. पहिल्या कपात बराच वास गेलेला असतो, त्यामुळे दुसऱ्या कपात आतला मूळ चहा उघडा पडतो. तो पुठ्ठ्यासारखा लागला तर समजा वास झाकायला मारला होता. फिका पण स्वच्छ लागला तर चहा बरा आहे. आणि पाकिटातल्या निळ्या-पिवळ्या पाकळ्यांवर जाऊ नका, त्या बहुतेक डोळ्यांसाठी असतात.

वास चहात मुरवायची खरी रीत फवाऱ्याहून जुनी आहे. चीनमध्ये मोगऱ्याच्या जातीची फुलं रात्री उमलताना चहाच्या थरांत घालतात, सकाळी काढतात, चहा पुन्हा सुकवतात, आणि असं अनेक रात्री करतात. चहा वास शोषतो हा जो दोष मासळीच्या फळीवर दिसला, तोच इथे गुण ठरतो. तिकडे हे बहुधा हिरव्या चहावर करतात. मी निलगिरीच्या काळ्या चहावर करून पाहिलं, वैशाखात, अंगणातल्या मोगऱ्यावर. पहिल्या वेळी आळस केला, फुलं बरणीत चार दिवस तशीच ठेवली. पाचव्या दिवशी चहाला केसाळ पांढरी बुरशी. दुसऱ्या वेळी शहाणी झाले. संध्याकाळी टपोऱ्या कळ्या, चहाच्या निम्म्या वजनाच्या, सकाळी निवडून बाहेर आणि चहा मंद ओव्हनमध्ये सुकवलेला. तीन रात्री केलं. वास फवाऱ्याइतका जोरदार येत नाही, पण कपात शेवटच्या घोटापर्यंत राहतो. पावसाळ्यात हा उद्योग करू नका, सुकतच नाही.

एवढा खटाटोप नको असेल तर परसातला गवती चहा आहेच. दोन पाती कातरून गरम कोऱ्या चहात टाका, झाका. चवथीला माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात त्या फळापानांच्या चौकटीला, बांधलेलं पपनस उतरवल्यावर त्याची साल टाकू नका. पांढरा भाग खरवडून फक्त वरची पातळ साल घ्या (पांढरा भाग कडू असतो) आणि चुलीशेजारी किंवा ओव्हनमध्ये कडक सुकवा. काळ्या चहात चिमूटभर टाकली की अर्ल ग्रेचा गावठी चुलतभाऊ तयार होतो, साबणाविना. एकदा मी कोकमाचं आगळ घालून पाहिलं होतं, ते विसरा. आगळ खारट असतं, चहा अश्रूंसारखा लागला.

तुमच्या आंबा आणि पीचच्या बॅगांचं खरं स्थान एप्रिल-मेच्या उकाड्यात आहे. एक लिटर थंड पाण्यात पाच बॅगा, झाकून फ्रिजमध्ये सहा-सात तास. थंड पाण्यात तुरटपणा फार उतरत नाही, वासही उडून जात नाही. साखरेचा पाक करून घाला आणि गरम चहाला लागते त्याहून जरा जास्त, कारण थंड पेयात गोड कमी जाणवतं. वर लिंबू. लिंबू पिळल्यावर रंग फिका होईल, तो आंबटपणामुळे, चहा बिघडला म्हणून नाही. तुमच्या डब्यातल्या ज्या बॅगा तुम्हाला फसव्या वाटल्या, त्याच अशा ग्लासात पाहुण्यांना द्या. "कुठून आणलंस?" असं विचारतील.

आता डिसेंबर. दिरांना बारा चवींचा डबा सांगू नका. अशा डब्यात दोन आवडतात, दहा फडताळात जुन्या होतात. एकच चव, सुटी पानं, घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा, १०० ग्रॅमच्या वर नाही. तारीख बघायला सांगा. वास लावलेला चहा फोडल्यावर मी स्वतः तीन-चार महिन्यांत संपवते, म्हणजे डिसेंबरातला डबा पावसाच्या आत संपेल. तुम्ही मुळात आल्या-दुधाच्या, म्हणून माझी पसंती वेलची किंवा केशराच्या काळ्या चहाला. आखाती देशांत हे दोन्ही आवडीने पितात, तिथे सहज मिळतील, आणि दोन्ही वासांशी तुमच्या जिभेची खिरीतून-शिऱ्यातून आधीच ओळख आहे. दूध घातलंत तरी बिघडत नाही. अर्ल ग्रे हवाच असेल तर घरातला आधी साध्या बॅगेबरोबर अर्धा करून पिऊन बघा, आणि मग ठरवा.